गोष्ट समजावी आणि सांगताही यावी: मुलांना गोष्टीची रचना कशी शिकवावी

मूल अडखळत का होईना, अख्खी गोष्ट वाचून काढतं. मग ‘काय झालं गोष्टीत?’ असं विचारलं की दोन-तीन सुटी वाक्यं हाती लागतात आणि पाठोपाठ ‘संपली’. मोठी माणसं म्हणतात, ‘नीट लक्ष देऊन परत वाच.’ लक्ष बऱ्याचदा दिलेलंच असतं, फक्त ते नेमकं कशाकडे द्यायचं हे मुलाला कुणी दाखवलेलं नसतं. गोष्टीला ठरावीक रचना असते आणि ती शिकवता येते. पाच ते दहा वर्षांच्या मुलांना ती कशी शिकवायची, हे इथे पायरीपायरीने दिलं आहे. पालक, नवे शिक्षक आणि वाचनवर्ग चालवणारे स्वयंसेवक अशा कुणालाही हे करता येईल. लागतात ते कागद, पेन आणि आवाज नोंदवायला फोन.

रचनेचा विचार नवा नाही. फ्रेडरिक बार्टलेट या मानसशास्त्रज्ञाने १९३२ मध्ये दाखवून दिलं, की गोष्ट पुन्हा सांगताना माणूस ती जशीच्या तशी आठवत नाही. मनात आधीपासून असलेल्या साच्यात ती बसवून सांगतो, आणि साच्यात न बसणारे भाग गळतात किंवा बदलतात. पुढे १९७० च्या दशकात संशोधकांनी या साच्याचे भाग पाडले. त्यातली स्टाइन आणि ग्लेन यांची १९७९ ची मांडणी आजही वर्गात उपयोगी पडते. खालचे सहा भाग तिच्याच आधाराने, मुलांना कळतील अशा प्रश्नांत घेतले आहेत.

सहा प्रश्न

१. कोण, कुठे, केव्हा?
२. काय बिघडलं?
३. मनात काय आलं? (कसं वाटलं आणि काय हवंसं झालं)
४. मग काय केलं?
५. त्याने काय झालं?
६. शेवटी कसं झालं, कसं वाटलं?

यातला तिसरा प्रश्न सगळ्यात मोलाचा, आणि मुलांच्या सांगण्यातून सर्वांत आधी गळणाराही तोच. पात्राला काय हवं होतं हे कळलं नाही तर पुढची प्रत्येक कृती सुटी पडते. कुणी काहीतरी करतंय एवढंच दिसतं, का करतंय ते दिसत नाही. म्हणून शिकवताना सगळा जोर दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या भागांच्या सांध्यावर ठेवा: हे बिघडलं, म्हणून असं वाटलं, म्हणून हे केलं. पात्राचं नाव आणि ठिकाण मुलांना फारसं न शिकवताही येतं. त्यावर वेळ घालवू नका.

गोष्ट निवडणं

सुरुवातीला ८० ते १५० शब्दांची गोष्ट पुरते. एक मुख्य पात्र, एक ठळक अडचण, एक किंवा दोन प्रयत्न आणि स्पष्ट शेवट असावा. निवडलेली गोष्ट आधी स्वतः या वाक्यात बसवून पाहा: ‘अमक्याला अमुक हवं होतं, पण अमुक झालं, म्हणून त्याने अमुक केलं, आणि शेवटी अमुक झालं.’ तुम्हालाच बसवता आली नाही तर ती या कामाची नाही. वर्णनावर चालणारी, नुसते विनोद गुंफलेली, ‘आणि मग जाग आली’ म्हणून संपणारी किंवा शेवटापासून मागे जाणारी गोष्ट अजून दोन महिने बाजूला ठेवा. ज्या बोधकथेत पात्र काहीच करत नाही आणि कुणी मोठं येऊन उपदेश करतं, तीही नको. तिच्यात चौथा भागच नसतो.

पुढच्या सगळ्या पायऱ्या समजावताना उदाहरण म्हणून ही गोष्ट घेऊ:

*मोठ्या झाडाच्या ढोलीत चिकू नावाची खार राहत असे. थंडीसाठी तिने खूप बिया जमवल्या होत्या. एका रात्री जोराचं वादळ झालं. ढोलीत पाणी शिरलं आणि सगळ्या बिया भिजल्या. चिकू घाबरली. बिया कुजल्या तर थंडीत खायचं काय? त्या लवकर वाळायलाच हव्या होत्या. सकाळी तिने सगळ्या बिया उन्हातल्या खडकावर पसरल्या. पण थोड्याच वेळात कावळे आले आणि बिया टिपू लागले. चिकूने इकडेतिकडे पाहिलं. जवळच काटेरी फांद्या पडल्या होत्या. त्या ओढत आणून तिने बियांवर अंथरल्या. कावळ्यांना चोच घालता येईना. ते उडून गेले. संध्याकाळपर्यंत बिया खडखडीत वाळल्या. चिकूने त्या ढोलीतल्या उंच कपारीत ठेवल्या, तेव्हा कुठे तिला हायसं वाटलं.*

साहित्य

जाड कागदाची साधारण ८ सेंमी रुंद आणि १० सेंमी उंच कार्डं कापा. प्रत्येक भागासाठी एक चिन्ह काढा: माणूस, वीज, हृदय, पाऊल, बाण, झेंडा. पाऊल आणि बाण यांची दोन-दोन कार्डं करा, कारण पहिला प्रयत्न फसला की दुसरा येतोच. अशी आठ कार्डं झाली. ती क्रमाने मांडायला सुमारे ८० सेंमी लांबीची कागदी पट्टी घ्या. कार्डावर शब्द लिहू नका. शब्द असले की मूल कार्ड वाचत बसतं. चिन्हं मात्र प्रत्येक गोष्टीला तीच ठेवा. कार्डांवर खारीचं, कावळ्याचं चित्र काढायचा मोह होतो, पण मग ती कार्डं एकाच गोष्टीची होतात आणि ‘प्रत्येक गोष्टीत हे भाग असतात’ हे मुलाच्या लक्षात येत नाही.

शिकवण्याआधीची नोंद

पहिल्याच दिवशी, काहीही न शिकवता, मुलाला एक अनोळखी गोष्ट ऐकवा आणि ती सांगायला लावून आवाज नोंदवा. मधे फक्त ‘बरं’, ‘मग?’, ‘आणखी काही?’ एवढंच बोला. ‘कावळे आले होते ना?’ असा प्रश्न विचारला की ती माहिती तुमची झाली. या नोंदीचे गुण कसे द्यायचे ते पुढे आहे. ही नोंद नसेल तर सहा आठवड्यांनी प्रगती झाली की नाही यावर नुसता अंदाजच बांधावा लागतो.

वेळेचं म्हणाल तर आठवड्यातून तीन वेळा २० ते २५ मिनिटं आणि एकूण सहा ते आठ आठवडे धरा. रोज तासभर केलं तर मुलं कंटाळतात आणि गोष्टीच नकोशा होतात.

पहिला आणि दुसरा आठवडा: फक्त ऐकणं

सुरुवात वाचनाने करू नका. नवं वाचणाऱ्या मुलाची बरीच शक्ती अक्षरं जुळवण्यात जाते आणि रचनेकडे पाहायला काही उरत नाही. गोष्ट तुम्ही सांगा.

पहिल्या पाठात तुम्ही सांगता सांगता कार्डं मांडत जा आणि विचार मोठ्याने बोला. ‘बिया भिजल्या’ म्हणताना विजेचं कार्ड ठेवायचं आणि म्हणायचं, ‘इथे बिघडलं. आता चिकूच्या मनात काय येतंय पाहू.’ मूल फक्त ऐकतं. त्याला प्रश्न नाहीत. दुसऱ्यांदा सांगताना कार्डं मुलाच्या हातात द्या. योग्य जागा आली की ते कार्ड ठेवेल. चुकीचं ठेवलं तर थांबवू नका. तो भाग संपल्यावर विचारा, ‘इथे चिकूने काही केलं, की तिला काही वाटलं?’ दोन पर्याय पुढे आले की बहुतेक मुलं आपणच दुरुस्त करतात.

तिसऱ्या पाठात एक कार्ड काढून घ्या. विजेचं कार्ड काढून गोष्ट सांगा: ‘चिकू खार ढोलीत राहायची. तिने बिया खडकावर पसरल्या.’ मुलं लगेच विचारतात, ‘का पण?’ हा ‘का’ त्यांच्याच तोंडून येणं फार महत्त्वाचं आहे. मग हृदयाचं कार्ड काढून पाहा. इथे अनेक मुलांना काही चुकल्यासारखं वाटतच नाही. तसं झालं तर तिथे जास्त काम लागणार, हे ओळखा.

प्रश्न कसे विचारावेत

हो-नाहीचे प्रश्न टाळा. ‘चिकू घाबरली ना?’ या प्रश्नाला न ऐकलेलं मूलही ‘हो’ म्हणतं. ‘बिया भिजल्यावर चिकूला कसली काळजी वाटली?’ असं विचारा. भावनेच्या पाठोपाठ हेतू आलाच पाहिजे. ‘वाईट वाटलं’ या उत्तरावर समाधान मानू नका. पुढचा प्रश्न: ‘मग तिला काय व्हायला हवं होतं?’ उत्तर: बिया लवकर वाळायला हव्या होत्या. खडक, ऊन आणि पसरणं हे सगळं या एका उत्तरातून उलगडतं.

प्रश्न विचारल्यावर पाच ते दहा सेकंद गप्प राहा. दहा सेकंद फार लांब वाटतात, पण मूल त्या वेळात गोष्ट मागे जाऊन शोधत असतं. आपण घाईने उत्तर पुरवलं की शोधणं थांबतं. आणि ‘या गोष्टीचं तात्पर्य काय?’ हा प्रश्न सर्वांत शेवटी, तोही गरज असेल तरच. सुरुवातीलाच तात्पर्य विचारलं की मूल पाठ असलेलं एखादं सुभाषित पुढे करतं आणि गोष्ट बाजूला राहते.

तिसरा आणि चौथा आठवडा: पुन्हा सांगणं

आधार एकेक करून काढा. पहिल्यांदा कार्डं समोर उघडी, मग तीच पालथी घालून सांगताना एकेक उलटायची, नंतर नुसती रिकामी पट्टी, शेवटी काहीच नाही. प्रत्येक टप्प्यावर वेगळी गोष्ट घ्या. एकच गोष्ट दहा वेळा सांगून घेतली तर ती पाठ होते, आणि नव्या गोष्टीसमोर मूल पुन्हा तिथेच उभं राहतं.

ऐकणारा माणूस असा हवा की ज्याने ती गोष्ट ऐकलेली नाही. तुम्ही स्वतः गोष्ट सांगितली असेल तर मुलाला ती तुम्हालाच परत सांगायला लावू नका. तुम्हाला सगळं माहीत आहे हे त्याला ठाऊक असतं, त्यामुळे ते अर्ध्या गोष्टी गाळतं, आणि ते साहजिकच आहे. दुसऱ्या खोलीतल्या भावंडाला, शेजारच्या गटातल्या मुलाला सांगायला लावा.

इथे मराठीची एक खोच ध्यानात घ्या. ‘गेली’, ‘घाबरली’ म्हटलं की निदान कोण ते थोडं कळतं. पण ‘खडकावर पसरल्या’, ‘फांद्या आणल्या’ यात क्रियापद बियांच्या किंवा फांद्यांच्या मागे जातं आणि करणारं कोण ते त्यातून कळत नाही. मूल ‘तिने’ किंवा ‘चिकूने’ गाळून ‘मग पसरल्या, मग टिपल्या, मग ठेवल्या’ असं सांगत सुटतं. ऐकणाऱ्याला वाटतं, पसरल्या, टिपल्या, ठेवल्या, हे सगळं एकाच कुणीतरी केलं. ‘ने’ लावून करणारं पात्र सांगायची सवय मुद्दाम लावा. कामाचा उपाय असा: प्रत्येक वाक्याआधी त्या पात्राच्या कागदी बाहुलीला बोट लावायचं. दोन-तीन गोष्टींनंतर बाहुली लागत नाही.

दुसरी गोष्ट जोडशब्दांची. सुरुवातीला मुलं ‘आणि मग, आणि मग’ यावरच गोष्ट पुढे रेटतात. ‘मग’ने फक्त क्रम कळतो. ‘म्हणून’ आणि ‘कारण’ने संबंध कळतो. एका आठवड्यात एकच जोडशब्द घ्या. आधी ‘म्हणून’, मग ‘पण’, त्यानंतर ‘कारण’. कार्डांच्या मधे ‘म्हणून’ लिहिलेली छोटी चिठ्ठी ठेवा आणि ती ओलांडताना तो शब्द बोलायचा एवढाच नियम करा. हे जमलं की ‘बिया वाळवायला तिने खडक शोधला’, ‘फांद्या ओढत आणून अंथरल्या’ अशी हेतू आणि क्रम एकाच वाक्यात आणणारी रूपं तुमच्या बोलण्यातून ऐकवत राहा. मूल सांगत असताना व्याकरण सुधारायला मधे पडू नका, धागा तुटतो. ‘काटे ठेवले’ असं मूल म्हणालं, तर संपल्यावर तुम्ही ‘हो, कावळ्यांना चोच घालता येऊ नये म्हणून तिने काटेरी फांद्या अंथरल्या’ असं पुरं वाक्य म्हणा आणि पुढे चला.

गुण देणं

सहा भागांना प्रत्येकी ०, १ किंवा २ गुण. भाग आलाच नाही तर ०, उल्लेख आहे पण अर्धवट असेल तर १, स्पष्ट आणि आधीच्या भागाशी जोडलेला असेल तर २. एकूण १२. आता हे सांगणं पाहा:

‘एक खार होती. तिच्या बिया भिजल्या. मग खडकावर ठेवल्या. मग कावळे आले. मग काटे ठेवले. संपली.’

पात्र आहे, ठिकाण नाही: १. बिया भिजल्या हे आलं, वादळ आणि पाणी नाही: १. मनातलं काहीच नाही: ०. दोन्ही प्रयत्न आले, पण कशासाठी ते नाही: १. परिणामांपैकी फक्त कावळे आले. ते उडून गेल्याचं, बिया वाळल्याचं नाही, म्हणून १. शेवट नाही, कारण ‘संपली’ हा शेवट धरायचा नाही: ०. एकूण १२ पैकी ४. बेरजेपेक्षा दोन शून्यं कुठे आहेत ते पाहणं उपयोगाचं. पुढचे दोन पाठ मनातलं आणि शेवट यांवरच घ्या, बाकी भागांना हात लावू नका. शब्द जसेच्या तसे आले नाहीत म्हणून गुण कापायचे नाहीत. ‘कपार’ऐवजी ‘वरच्या भोकात’ म्हटलं तरी चालतं. दर दोन आठवड्यांनी नव्या, तेवढ्याच लांबीच्या आणि अवघडपणाच्या गोष्टीवर ही नोंद घ्या.

पाचव्या आठवड्यापासून: वाचन

आता तीच कार्डं छापील गोष्टीसोबत. गोष्ट आधी मुलाच्या वाचनाला झेपते का ते बघा. पहिल्या १०० शब्दांत १० पेक्षा जास्त शब्द चुकले किंवा अडले, तर ती गोष्ट तुम्ही वाचून दाखवा आणि मुलासाठी सोपी घ्या. गॉफ आणि टनमर या संशोधकांनी १९८६ मध्ये मांडलं तसं, वाचून समजण्यासाठी शब्द वाचता येणं आणि ऐकून भाषा समजणं ही दोन्ही लागतात. रचना शिकवून दुसरी बाजू भक्कम होते. पहिल्या बाजूचं काम वेगळं करावंच लागतं. ऐकलेली गोष्ट छान सांगणारं मूल वाचलेली सांगू शकत नसेल, तर त्याला आणखी कार्डं नकोत, शब्दवाचनाचा सराव हवा.

वाचताना तीनच थांबे ठेवा: अडचण आल्यावर, पहिला प्रयत्न फसल्यावर आणि शेवटाच्या जरा आधी. पहिल्या थांब्यावर ‘आता हिला काय हवं असेल?’, दुसऱ्यावर ‘आता काय करेल आणि का?’, तिसऱ्यावर ‘सगळं सुटलं का, की काही उरलं?’ प्रत्येक वाक्यावर थांबलात तर गोष्टीचा ओघ जातो आणि आकलन उलट घटतं.

नंतर कागदावर सहा चौकटींचा नकाशा. एका चौकटीत जास्तीत जास्त पाच शब्द. पूर्ण वाक्यांना जागा दिली की मुलं पुस्तकातली वाक्यं उतरवतात, आणि उतरवायला समजावं लागत नाही. ‘बिया भिजल्या, कुजतील, वाळवायच्या’ एवढं पुरे. मग पुस्तक मिटून, फक्त नकाशा समोर ठेवून गोष्ट सांगायची.

हमखास कुठे अडतं

मूल नावं सांगतं, गोष्ट सांगत नाही: ‘पात्र खार. समस्या बिया.’ हे झालं की भागांची नावं फार घोकली गेली असं समजा. आठवडाभर एकही नाव न घेता फक्त चिन्हांवर काम करा.

चित्रांच्या पुस्तकात वेगळीच अडचण येते. मूल पान उलटत ‘इथे झाड आहे, इथे ती बसलीये’ असं सांगतं. ते चित्राचं वर्णन आहे. पुस्तक मिटा आणि पट्टी समोर ठेवा.

सुरुवात आणि शेवट नीट, मधलं गायब, असं असेल तर पाऊल आणि बाण यांची जोडीच करा. प्रत्येक पावलापुढे बाण ठेवल्याशिवाय पुढचं कार्ड उचलायचं नाही. लाजणाऱ्या मुलाबरोबर आळीपाळीने सांगा: एक भाग तुम्ही, एक त्याने. हृदयाचा भाग त्याच्या वाट्याला येईल अशी पाळी लावा.

माहितीपर लेखाला, ‘पाऊस कसा पडतो’सारख्या पाठाला, हा साचा लावू नका. ढगाला काही हवं नसतं. तिथे क्रम, कारण आणि वर्गवारी हा निराळा आराखडा लागतो, आणि दोन्ही एकत्र केले की मुलं दोन्हीकडे गोंधळतात.

पुढचं पाऊल

नव्या गोष्टीत सलग तीनदा १२ पैकी १० च्या वर गुण आले की अवघड गोष्टी घ्या. आधी अशी, जिच्यात पात्राची भावना लिहिलेली नाही, कृतीवरून ओळखावी लागते. मग अशी, जिच्यात दोन पात्रांना एकाच वेळी वेगवेगळं हवं असतं. चिकूच्या गोष्टीतच तो धागा आहे: कावळ्यांना काय हवं होतं? त्यांच्या बाजूने गोष्ट सांगायला लावा. अडचण बदलते, प्रयत्न बदलतो, शेवट तर उलटाच होतो, आणि तीच कार्डं पुन्हा नव्याने मांडावी लागतात. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना हा खेळ फार आवडतो. त्यातून स्वतःची गोष्ट रचणं सुरू होतं. तिथेही पहिला प्रश्न ‘कोण?’ असा विचारू नका. ‘काय बिघडलं?’ इथून सुरुवात करू द्या. पात्र निवडण्यात मुलं अर्धा तास घालवतात आणि अडचणीपाशी अडतात. अडचण आधी सापडली की पात्र आपोआप येतं.